बिनआवाजाची जमीन

दुकानातला माणूस बुटांसकट जमिनीच्या त्या नमुन्यावर चढला आणि दोन्ही पाय जुळवून त्याने उडी मारली. अंगाने चांगला भरलेला गडी होता, पोट पट्ट्यावरून ओघळलेलं. उडी मारून झाल्यावर हात पसरून तो तिच्या नवऱ्याला म्हणाला, "आला काही आवाज?" हे तिला ओठांवरून कळलं, कारण त्याला मिशी नव्हती आणि गिऱ्हाइकं पटवायच्या सवयीने तो तोंड भरून बोलत होता. नवरा हसला, लेकही हसली. मग त्या माणसाची नजर तिच्यावर पडली आणि तो चपापला. दुकानात शिरल्या शिरल्याच नवऱ्याने तिची ओळख करून दिली होती, हिला ऐकू येत नाही, तुम्ही आमच्याशी बोला. आता तो कानाला हात लावून माफी मागत होता, जणू तिच्या पायावरच पाय पडला असावा. तिला त्याचा राग आला नव्हता. असल्या ओशाळलेल्या चेहऱ्यांची तिला इतकी सवय होती की ते पुसून टाकायला लागणारं हसू तिच्याकडे तयार असायचं. पण या वेळी ते हसू द्यायचं राहून गेलं. ती आपल्या पायांकडे बघत होती. त्या लांबरुंद लाकडी चौथऱ्यावर सगळे नमुने शेजारी शेजारी बसवलेले होते आणि ती नेमकी त्याच नमुन्याच्या कडेला उभी होती, चपला काढून, अनवाणी. एवढा मोठा बाप्या हाताच्या अंतरावर आदळला आणि तिच्या तळव्यांना त्याचा पत्ता नव्हता. डोळे मिटलेले असते तर तिथे कोणी उभं आहे हेही तिला कळलं नसतं. पहिल्यांदा बहिरी झाली तेव्हा निदान ती तापाने फणफणलेली होती, काय गेलं ते समजायलाही आठवडे लागले होते. आज ती शुद्धीवर होती, चांगले कपडे घालून आली होती, आणि तिचा नवरा मान डोलावत म्हणत होता, "हेच. अगदी हेच हवं होतं आम्हाला."

हेच म्हणजे काय, तर खाली फोमची गादी आणि वर प्लास्टिकची पट्टी, आणि त्या पट्टीवर लाकडाचा फोटो. फोटोत गाठी होत्या, रेषा होत्या, आणि नीट पाहिलं तर चौथ्या पट्टीवर पुन्हा तीच गाठ येत होती. लाकडाचं सोंग घेतलेल्या या पट्ट्या पाणी पीत नाहीत, फुगत नाहीत, त्यांना वाळवी लागत नाही, आणि घरात हत्ती नाचला तरी खालच्या मजल्यावर कळत नाही, असं तो माणूस सांगत होता. लेक अधूनमधून तिच्याकडे वळून, तोंड मोठं करून, त्यातलं दर तिसरं वाक्य तिच्यापर्यंत पोचवत होती. "आई, मऊ आहे. तुझ्या गुडघ्यांना बरं." गुडघ्यांचा मुद्दा दुकानातल्या माणसाने काढला नव्हता, लेकीने घरून आणला होता. आपल्या गुडघ्यांची घरात एवढी चर्चा होत असते हे तिला आजच कळत होतं. तिच्या गुडघ्यांविषयी तिला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं की ते पुस्तकबांधणीच्या कारखान्यात दिवसभर उभे राहतात आणि कोणाची तक्रार करत नाहीत.

घरची जमीन लाकडाची होती. इमारत जुनी, दुसरा मजला, जाड तुळयांवर ठोकलेल्या रुंद फळ्या. गेल्या वर्षी कपडे धुण्याच्या यंत्राची नळी मागच्या मागे ठिबकत राहिली आणि स्वयंपाकघराच्या दारातल्या फळ्या आतून कुजल्या. लेकीची टाच एक दिवस फळीतून आरपार गेली, बूट आत अडकला आणि ती एका पायावर उभी राहून इतकी हसली की नवऱ्याला ती रडते आहे असं वाटलं. तेव्हा जमीन बदलायची हे ठरलं, आणि त्याबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं, तिचंही नव्हतं. तिने गृहीत धरलं होतं की कुजलेल्या फळ्या जातील आणि नव्या फळ्या येतील. गृहीत धरण्याचा हक्क घरात फक्त तिला नव्हता, एवढं मात्र ती विसरली होती.

त्या फळ्यांवर पाय आपटून तिला हाक मारायची, ही त्या घराची रीत. ती लेकीने पाडली. तापातून उठून ती घरी आली तेव्हा लेक चार वर्षांची होती आणि आई हाकेला वळत नाही याचा अर्थ तिच्या लेखी एकच होता, आई रुसली. एका सकाळी पाठीमागे उभी राहून ती बराच वेळ आई आई करत असणार. शेवटी तिने संतापून पाय आपटला, आणि ओट्यापाशी उभी असलेली आई वळली. तळव्यांतून काहीतरी वर चढत आलं होतं, पोटऱ्यांपर्यंत. लेकीचा चेहरा तिला अजून दिसतो, गाल ओले, आणि डोळ्यांत विजय. लेकीने पुन्हा आपटला, ती पुन्हा वळली. त्या दिवशी त्या दोघी किती वेळा तसं करत राहिल्या त्याला मोजदाद नाही. पुढे नवऱ्यानेही उचललं. त्याची हाक म्हणजे टाचेचे दोन ठोके, सुट्टे, ऑफिसात दारावर मारल्यासारखे. लेकीची एकच, दणकून. पाहुण्यांना वाटायचं, या घरातली माणसं सारखी चिडलेली का असतात. आणि खालच्या मजल्यावरची बाई, जिचं सगळं आयुष्य छताकडे बघण्यात चाललं होतं, ती काठीने खालून छत ठोकून निषेध करायची. तोही हिला बरोबर कळायचा. इमारतीतली बाकी माणसं जिन्यात भेटली की हिच्याकडे बघून नुसती मान हलवायची. त्या खालच्या बाईशी मात्र हिचं रोजचं बोलणं होतं म्हणायला हरकत नाही.

आता त्या बाईने सोसायटीत अर्ज दिला होता आणि नवऱ्याला लोकांशी वाईटपणा घ्यायला कधीच आवडलेलं नाही. त्याने उपाय काढला. स्वयंपाकघरात, बाथरूमच्या दारावर आणि झोपायच्या खोलीत एकेक दिवा. हॉलमध्ये बटण. बटण दाबलं की दिवा उघडझाप करील आणि ती बाहेर येईल. इलेक्ट्रिशियन येऊन एक दिवा लावूनही गेला होता. त्या दिवशी नवऱ्याने तिला ओट्यापाशी उभं केलं, स्वतः हॉलमध्ये गेला, आणि तिच्या कपाळासमोर तो लाल दिवा लुकलुकायला लागला. ती बाहेर गेली. तो बटणावर बोट ठेवून, कौतुकाची वाट बघत उभा होता. "कशी आहे सोय?" म्हणाला. तिने छान आहे म्हटलं, कारण तो खरंच खूश होता आणि तीसेक वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या खुशीवर पाणी ओतायचे प्रसंग माणूस निवडून घेतो. पण परत ओट्याकडे जाताना तिच्या डोक्यात तिडीक गेली होती. हॉटेलात टेबलावरची घंटी वाजवल्यावर आतून कोणीतरी हात पुसत येतो, तशी ती बाहेर गेली होती.

आणि ते तरी एक वेळ चाललं असतं. हाक कशीही मारा, दिव्याने मारा, दोरी ओढून मारा. पण हाका म्हणजे ऐकणं नव्हे, हे या माणसांना कोण सांगणार? ज्यांना ऐकू येतं त्यांना आपण दिवसभर काय काय ऐकतो ते ठाऊकच नसतं. घरातलं माणूस आपल्याशी बोलत नसतानाही घरात असतं. ते उठतं, पाणी पितं, खुर्ची सरकवतं, विचार करत येरझाऱ्या घालतं, आणि हे सगळं आपल्यासाठी नसताना आपल्याला कळत असतं. घर म्हणतात ते ह्यालाच. हे सगळं तिला त्या फळ्यांनी दिलं होतं. हाकेपलीकडचं ऐकायला पाय आधी कारखान्यात शिकले. तिथे कागद कापायच्या यंत्राचं पातं पडलं की काँक्रीटमधूनसुद्धा तळव्याला कळायचं, मुकादम येतो आहे की जातो आहे हे पाठ करून उभं असतानाही सांगता यायचं, आणि बाकीच्या बायका यंत्रांच्या आवाजावर ओरडून ओरडून घसे बसवून घेत असताना ही शांतपणे छापील कागदांचे फर्मे दुमडत असायची. पण कारखान्यात काय कळायचं, तर यंत्र. घरच्या फळ्यांतून माणसं कळायची. लेकीचा आवाज तिच्या डोक्यात चार वर्षांचाच राहिला होता, बोबडा, नाकात बोलणारा. सत्तावीस वर्षांची बाई समोर उभी राहून बँकेतल्या कामाबद्दल बोलायची आणि हिच्या मनात ते सगळं त्या बोबड्या आवाजातच उमटायचं, इलाज नव्हता. लेक मोठी होताना तिने ऐकली ती पावलांत. उड्या मारत जाणारी पावलं एका वर्षी अचानक जड झाली, फरफटायला लागली, मग एका वर्षी सावध झाली, दारापाशी थबकायला लागली. दहावीनंतरच्या सुट्टीत खोलीचं दार लावून लेक उंच टाचांचे बूट घालून चालायला शिकत होती. टोक, टोक, आणि धप्प. आई इकडे वर्तमानपत्र तोंडासमोर धरून हसत होती. नवऱ्याच्या कंपनीत माणसं कमी करायला लागले होते तेव्हा तो तोंडाने सांगायचा, सगळं ठीक चाललंय. त्याचे पाय खिडकीपासून कपाटापर्यंत आणि कपाटापासून खिडकीपर्यंत दुसरंच काही सांगायचे. ती त्याला काही विचारायची नाही. चहा थोडा लवकर टाकायची.

आणि रविवारची दुपार. जेवणं झाल्यावर ती आतल्या खोलीत आडवी व्हायची. खाट गुडघ्याएवढीच उंच, हात खाली सोडला की बोटं फळ्यांना लागायची. एका रविवारी बोटांना काहीतरी वेगळं लागलं. दोन माणसांची पावलं, पण चालण्याची नव्हेत. पुढे, मागे, वळून पुन्हा पुढे, आणि त्याच्याखाली आणखी एक बारीक थरथर, सारखी, ठेक्यातली. तिला कळायला थोडा वेळ लागला. त्यांनी गाणं लावलं होतं. बाप आणि लेक नाचत होते. पहिल्या दिवशी तिला जो संताप आला त्याला तोड नव्हती. तिच्यासमोर त्या घरात कधी रेडिओ लागत नसे. तिला वाईट वाटेल म्हणून त्यांनी तो कपाटावर चढवून ठेवला होता, आणि ती झोपली की तो खाली उतरत होता. माणूस आजारी आहे म्हणून त्याच्यासमोर कोणी गोड खात नाही आणि मग स्वयंपाकघरात उभ्याउभ्या सगळे खाऊन घेतात, तसं. उठून दार उघडावं आणि उभं राहावं, बघू काय करतात, असं तिच्या मनात आलं होतं. ती उठली नाही. कारण नवरा नाचत होता. जो माणूस लग्नात स्टेजवर हारसुद्धा आखडून घालतो तो माणूस नाचत होता, चुकत होता, लेकीच्या पायावर पाय देत होता, थांबून पुन्हा सुरू करत होता. हे त्याने बायकोला कधी दाखवलं नसतं. कोणालाच दाखवलं नसतं. तिने तळहात फळीवर पसरला आणि पडून राहिली. पुढच्या रविवारी ती जेवण झाल्या झाल्या जांभया द्यायला लागली. मग ते दर रविवारचंच झालं. एकदा त्यांनी एक जुनं गाणं लावलं, तिच्या कानांच्या काळातलं, आणि तिने ते ठेक्यावरून ओळखलं. सगळं कडवं तिला डोक्यात स्वच्छ ऐकू आलं, बासरीसकट. इतक्या वर्षांत तिने याबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. सांगितलं की संपलं, हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. कोणी ऐकतंय हे कळल्यावर तसं कोण नाचतं?

"लाकूडच घेऊ या," ती म्हणाली.

आवाज मोठा निघाला असावा, कारण पलीकडे बाथरूमच्या टाइल्स बघणारं एक जोडपं वळलं आणि नवऱ्याचा तळहात सवयीने खाली खाली झाला, हळू, हळू. तिच्या आवाजाची पट्टी तिला कळत नाही हे खरं. पण त्या खाली खाली होणाऱ्या हातापायी ती वर्षानुवर्षं कमी बोलत आली होती, हेही तितकंच खरं, आणि त्याची नोंद कोणी घेतली नव्हती.

"अगं, पण हे लाकडासारखंच दिसतं," नवरा म्हणाला.

"दिसतं. नाहीये."

"तुला लाकूड का हवंय पण?" लेकीने विचारलं. प्रश्न साधा होता, आणि पहिल्यांदाच कोणीतरी विचारला होता. तिच्याकडे उत्तर तयार होतं आणि ते देता येत नव्हतं.

"सवय झालीय."

"सवय काय, याचीही होईल," नवरा म्हणाला आणि दुकानातल्या माणसाकडे वळला. वळला म्हणजे पाठ केली. मग त्या दोघांचं बोलणं तिला फक्त मानांच्या हालचालींवरून कळत होतं. दुकानातला माणूस मान हलवत होता, नवरा भिंतीवरचा एक रंग दाखवत होता, फिकट, धुरकट, ज्याला तो नक्की पसंत म्हणणार होता, कारण फिकट रंग कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीत आणि त्याला आयुष्यात तेवढंच हवं असायचं. तिने त्याच्या शर्टाची बाही ओढली. तो वळला, पण चेहरा असा, जसा मूल मध्ये मध्ये करतं तेव्हा होतो.

"मला ते नको आहे," ती म्हणाली. "माझ्या घरात नको आहे."

लेकीने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला आपल्याकडे वळवलं. लेक वाईट नव्हती. तिच्या चेहऱ्यावर माया होती, समजूत होती, आणि दुपारी दुसरीकडे जायचं असल्याची घाईही होती. "आई," ती सावकाश, एकेक शब्द सोडवून म्हणाली, "आवाजाचा त्रास आम्हाला आहे. खालच्या काकूंना आहे. तुला काय फरक पडतो?"

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. वाटलं, हे सगळे नमुने उपसून भिरकावून द्यावेत. फरक. ज्या बाईने हिचं सगळं वाढणं तळपायांनी ऐकलं तिला ही विचारते, फरक काय. आणि विचारते तीही चांगुलपणाने. ती रागाने विचारती तर बरं झालं असतं. चांगुलपणाशी भांडायला माणसाला जागाच मिळत नाही. ते गुडघ्यांची काळजी करतात, दिवे बसवतात, कपाटावर रेडिओ चढवून ठेवतात, आणि असं करत करत एक दिवस तुम्हाला उचलून बाजूला ठेवतात, मऊ जागेवर.

"मला ऐकू येतं," ती म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दुकानातला माणूस हातातली पट्टी उगाच पुसायला लागला.

"फळ्यांतून येतं. तुम्ही हाक मारता तेवढंच नाही. सगळं येतं." मग तिने लेकीला उंच टाचांच्या बुटांचं सांगितलं, किती वेळा पडली तेही. लेक आधी चमकली आणि मग खळखळून हसली. "आई म्हणजे डिटेक्टिव्हच," ती बापाला म्हणाली. तोही हसला. खिडकी ते कपाट हेही तिने सांगितलं, कोणत्या वर्षीचं ते न सांगता. नवऱ्याने मान वाकवून आपल्या पायांकडे बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, "म्हाताऱ्या फळ्या करकरणारच. पण ह्या वयात आता कोणावर पाळत ठेवायची आहे तुला?" थट्टेने म्हणाला. थट्टेनेच त्याने पुन्हा त्या फिकट पट्टीवर बोट ठेवलं, आणि दुकानातल्या माणसाने खिशातलं पेन काढलं.

तेव्हा तिने ते सांगितलं. ठरवून नाही, पण विचार न करताही नाही. पेनाचं टोपण निघेपर्यंत जेवढा वेळ असतो तेवढा तिला मिळाला आणि तेवढ्यात तिने दोन्ही बाजू पाहिल्या. न सांगावं, तर ते गाद्यांवर नाचतील आणि ती त्यांच्यापासून एका भिंतीपलीकडे, मेल्यासारखी पडलेली असेल. सांगावं, तर ते नाचणारच नाहीत. असल्या दोन गोष्टींतून एक निवडायची पाळी आपल्यावर आपल्याच माणसांनी आणली, हा राग तिच्या आवाजात उतरला असणार, कारण आता सगळं दुकान वळून बघत होतं.

"रविवारी तुम्ही गाणं लावून नाचता ते मला कळतं," ती म्हणाली. "इतकी वर्षं. दर रविवारी. तुम्ही डावीकडे वळताना चुकता, आणि ही थांबून तुम्हाला पुन्हा पहिल्यापासून घेते. मी झोपलेली नसते. मी एकदाही झोपलेली नव्हते."

लेकीचे हात तोंडावर गेले होते. नवऱ्याने चष्मा काढला, काचा शर्टाला पुसल्या, आणि चष्मा परत न लावता तसाच उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. तरुणपणी व्हायचे तसे. त्याला लाज वाटत होती, आणि ती लपवून नाचल्याची लाज नव्हती, पाहिलं गेल्याची होती. तिने ती ओळखली. पण तिने शब्द मागे घेतले नाहीत. मग तो दुकानातल्या माणसाकडे वळला. या वेळी त्याने पाठ केली नाही, अर्धा वळला, म्हणजे तिला ओठ दिसावेत. "लाकूड दाखवा," तो म्हणाला. "खरं."

लाकूड आलं. सुतार आले, जुन्या फळ्या उपसल्या गेल्या, तुळया तपासल्या गेल्या, आणि तोवर ते तिघं नवऱ्याच्या बहिणीकडे राहिले. खालच्या बाईला नवऱ्याने स्वतः जाऊन काय सांगितलं कोण जाणे, तिने अर्ज मागे घेतला. परत आल्यावर घराला रंध्याच्या भुशाचा वास येत होता. नव्या फळ्या घट्ट, सलग, जुन्यांपेक्षा कितीतरी बोलक्या. नळाखाली बादली ठेवली तरी हॉलमध्ये कळेल इतक्या. पहिल्या दिवशी ती अनवाणी सगळं घर फिरली. मग एका जागी उभी राहिली आणि वाट बघायला लागली.

काही आलं नाही. म्हणजे हाका आल्या. दोन ठोके यायचे, एक दणका यायचा, अगदी शिस्तीत, पूर्वीपेक्षा जास्तच, कारण आता दोघंही त्याबाबतीत फार दक्ष झाले होते. पण दोन हाकांच्या मधलं घर रिकामं होतं. लेकीने लोकरीच्या सपाता आणल्या होत्या. ती घरात अशी वावरायची, जशी आजाऱ्याच्या उशाजवळून जातात. नवरा खुर्ची उचलून ठेवायचा, सरकवायचा नाही. फोनवर बोलताना येरझाऱ्या घालायची त्याची जन्माची खोड, आता तो बसून बोलायचा. कोणी तिला काही म्हणालं नाही. सगळे तिच्याशी पूर्वीपेक्षा चांगलं वागत होते. तोंडासमोर येऊन बोलत होते, काय हवं नको विचारत होते. जेवताना नवऱ्याने एकदा तिला वाढलंसुद्धा. तिला ओरडावंसं वाटायचं. माणसं घरात असून पाहुण्यासारखी वागत होती. लाकूड तिचं झालं होतं आणि त्यावरून चालायला कोणी नव्हतं.

रविवारी जेवण झाल्यावर ती आत गेली आणि आडवी झाली. हात खाली सोडला. फळ्या गार होत्या. बाहेर दोघं होती, तिला ठाऊक होतं, कारण दार लावताना तिने त्यांना बसलेलं पाहिलं होतं, दोन खुर्च्यांत, समोरासमोर, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघितल्यासारखं. थोड्या वेळाने बाहेरचं दार बंद झाल्याचा धक्का आला. लेक गेली. मग बराच वेळ काही नाही. मग काहीतरी, अगदी पुसट, बोटाच्या टोकाला. नवरा हॉलमधून चवड्यांवर चालला होता.

हे तिला सहन झालं नाही. ती उठली आणि दार उघडलं. नवरा हॉलच्या मध्यावर एक पाय पुढे टाकून उभा होता, हातात सपाता. स्वतःच्या घरात, भर दुपारी, चोरासारखा.

"काय चाललंय?" ती म्हणाली.

"तुझी झोप मोडेल म्हणून."

"माझी? पावलांनी?"

त्याने सपातांकडे पाहिलं. मग तो खाली बघतच काहीतरी म्हणाला, ते तिला दिसलं नाही, आणि तिने त्याची हनुवटी धरून चेहरा वर केला. तसं तिने कितीतरी वर्षांत केलं नव्हतं. "काय करायचं ते समजत नाही," तो म्हणाला. "पाऊल टाकलं की वाटतं, तुला काय कळलं असेल. खिडकीत उभा राहायला जातो आणि मध्येच वाटतं, आता ही म्हणेल, हा खिडकीत का चाललाय. चालताच येत नाही मला."

हे त्याने पहिल्यांदाच बोलून दाखवलं होतं, आणि त्याचं म्हणणं खरं होतं. त्यामुळेच तिचा पारा चढला. "तुम्ही माझं सगळं आयुष्य ऐकता," ती म्हणाली. "मी भांडी आपटते, खोकते, झोपेत बडबडते, ते तुम्ही ऐकता. मी कधी चवड्यांवर चालले? तुम्हाला माझं कळतं म्हणून मी जगायची थांबले का? आणि मला तुमचं थोडंसं कळलं, तर तुमचे पाय लटपटायला लागले. हे काय वागणं झालं? ठेवा त्या सपाता. धड चाला. टाचा टेकवून चाला, माणसासारखे. मी आत जाते."

ती आत गेली, दार लावलं, खाटेवर पडली आणि तळहात फळीवर ठेवला. मग नवरा चालायला लागला. टाच, टाच, टाच. कवायतीतल्या शिपायाने चालावं तसं, एकेक पाऊल मोजून, तिला नीट मिळावं म्हणून. हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, वळला, परत आला. आज्ञाधारक माणूस. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हे त्याचं चालणं नव्हतंच. ही नुसती लांबवलेली हाक होती. तो पुन्हा गेला, पुन्हा आला. आता उठून सांगावं की पुरे, बसा, माझं चुकलं, मला ती मऊ गादीच आणून द्या, असं तिला वाटलं, पण उठायचं बळ नव्हतं. बाहेर तो चालतच होता. मग खिडकीपाशी तो थांबला. रस्त्यावर काहीतरी असावं, कोणी भांडत असेल, कोणाची गाडी अडकली असेल. बराच वेळ तो तिथेच होता. खुर्ची सरकल्याचा एक लांब ओरखडा आला, खिडकीच्या दिशेने, मग काही नाही, मग खुर्ची परत ढकलल्याचा. आणि तो निघाला, स्वयंपाकघराकडे, पाणी प्यायला असेल, कुठेतरी मनातल्या मनात हरवलेला, आळसावलेला, एक पाय उचलून टाकत आणि दुसरा नुसता ओढत, कशालाही धक्का देत.

तिने बोटं हलू दिली नाहीत. तो तिला विसरला होता.